बोडीतला समुद्र

आमच्या घरी मध्यंतरी रात्री नऊनंतर इस्त्री, मिक्सर आणि पाण्याची मोटर यांच्यावर बंदी होती. बाहेरच्या माणसाला वाटावं, घरात कोणी आजारी आहे किंवा पोरगं दहावीला आहे. तसं काही नव्हतं. घरात तलाव भरणं चालू होतं. तलाव संगणकात होता. मोटर सुरू झाली की दिवा मिणमिणायचा, दिवा मिणमिणला की संगणक बसायचा, संगणक बसला की रात्रभर जमवलेलं पाणी एका क्षणात नाहीसं व्हायचं, आणि त्यानंतर मी जे बोलायचो ते बसस्टँडपर्यंत ऐकू जायचं, अशी बायकोची तक्रार आहे.

देवरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, व्हिडिओ मिक्सिंग, पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स. (शेवटच्या दोन्हींत फोटो बहुतेक तोच असतो, फुलं बदलतात.) सगळं सुरळीत चाललं होतं. पण भाचा सुट्टीत नागपूरहून आला आणि जाताना संगणकात ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर टाकून गेला. "मामा, यात डोंगर करता येतात, ढग करता येतात, पाणी करता येतं. आणि फुकट आहे." मी दोन डोंगर केले, त्यावर एक सूर्य उगवला आणि ते चित्र दुकानाच्या काचेवर लावलं. तेवढ्यावर बाजारात बोलवा झाली की स्टुडिओवाला आता सिनेमासारखं काम करतो.

ती बोलवा शेठपर्यंत गेली. शेठचा राष्ट्रीय महामार्ग 53 वर ढाबा आहे. नागपूरहून रायपूरला जाणारे ट्रक छत्तीसगडची हद्द लागायच्या आत त्यांच्याकडे थांबतात, जेवतात आणि चाकं धुतात. ढाब्यामागे शेठचं चार एकर रान, आणि रानाच्या टोकाला एकरभराची बोडी, म्हणजे शेतातला लहान तलाव. या बोडीच्या भरवशावर शेठनी 'लेक व्ह्यू रिसॉर्ट' काढायचं ठरवलं होतं.

"वीस सेकंदांची फिल्म पाहिजे," शेठ म्हणाले. "कॅमेरा वरून येणार, ड्रोनसारखा. खाली तलाव, काठाला बारा कॉटेज, पाण्यात बोट, मागं धबधबा."

"शेठ, मागं तर धानाच्या बांध्या आहेत."

"तेच तर. जे आहे ते दाखवायला तुम्ही कशाला पाहिजे? ते मोबाईलमध्ये येते."

"धबधबा केवढा करू?"

"बाहुबलीएवढा."

2015 साली तो सिनेमा आल्यापासून आमच्या भागातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो धबधबा हवा असतो. मी शेठना सांगून पाहिलं की मुळात ते पाणी केरळातल्या अथिरापल्लीचं, त्याला संगणकावर वाढवून वाढवून आभाळाला टेकवलं. आपल्याकडे सालेकसा तालुक्यात दरेकसा स्टेशनजवळ हाजरा फॉल आहे, पावसाळ्यात काय सुंदर दिसतो, तसा करू. शेठ म्हणाले, "हाजरा फॉल तर लोकांनी पाहिलेला आहे." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं माझ्याकडे कुठल्याच गिऱ्हाइकाला उत्तर नसतं. स्टुडिओवाला 'नाही' म्हणाला की गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोरच्या स्टुडिओत जातं, त्यामुळे आमच्या धंद्यात 'नाही' हा शब्द फक्त "उधारी आहे का?" या प्रश्नाला वापरतात.

आता, गोंदिया जिल्ह्यात बसून संगणकात तलाव करायचा म्हणजे सोलापुरात राहून चादर कशी विणतात ते यूट्यूबवर बघण्यासारखं आहे. सगळा मुलूख तलावांचा. भंडारा आणि 1999 साली त्यातून वेगळा झालेला आमचा गोंदिया, दोन्हीकडे गावागणिक तलाव, शेतागणिक बोडी. देवरीच्या जवळ वाघ नदीवर शिरपूरचं धरण. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, 1950 च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले, आणि 'माजी मालगुजारी तलाव' एवढं लांब लिहायला कागद पुरेना म्हणून त्यांचे 'मामा तलाव' झाले. अशा ठिकाणी पाण्याचे जाणकार शोधावे लागत नाहीत. ते येऊन खांद्यामागे उभे राहतात.

आधी जमीन हवी होती. ती आकाशातून फुकट मिळाली. फेब्रुवारी 2000 मध्ये 'एन्डेव्हर' हे अमेरिकी अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि जगातल्या बहुतेक जमिनीचा उंचसखलपणा रडारने मोजून गेलं. म्हणजे शेठच्या रानाची मोजणी अंतराळातून कधीच झालेली आहे. शेजाऱ्याशी धुऱ्याचा वाद तेवढा बाकी आहे. ही मोजणी तीस-तीस मीटरच्या चौकोनांत मिळते. एक एकर म्हणजे असे जेमतेम साडेचार चौकोन. शेठची अख्खी बोडी साडेचार ठिपक्यांत आटोपली. पाळ ठिपक्याच्या दहाव्या हिश्शाएवढीही रुंद नाही, त्यामुळे ती नकाशातून गायब. त्यात रडारला पाण्याच्या आत दिसत नाही. फेब्रुवारीत बोडीत पाणी होतं, म्हणून यानाला दिसली ती पाण्याची सपाटी, तळ नाहीच. डोंगर मात्र जरा जास्तच मिळाले, कारण रडारने बऱ्याच ठिकाणी झाडांचे शेंडेच जमीन धरले. थोडक्यात माझ्याकडे लठ्ठ डोंगर होते, तलाव भरायची ऑर्डर होती, आणि खड्डा नव्हता.

तो मी माऊसने खोदला. सलग बसून इतकी माती काढली की कोणी गाळमुक्त धरण योजनेत नाव घातलं असतं तर ब्रासच्या हिशेबाने बरे पैसे सुटले असते.

मग पाणी. सॉफ्टवेअरमध्ये पाणी बादलीने ओतता येत नाही. आधी एक पेटी काढायची. पाण्याने जे काय करायचं ते पेटीच्या आत. बाहेर पाण्याला अस्तित्व नाही. मग पेटीला समजवायचं: हा झरा, इथून पाणी येईल, ही जमीन, ही अडवेल, हा निकास, इथून जाईल. पेटीचे चौकोनी तुकडे पडतात आणि फिल्मच्या प्रत्येक चित्रासाठी प्रत्येक तुकड्यात संगणक हिशेब करतो की पाणी कुठून आलं आणि कुठे चाललं. लांब बाजूला हे तुकडे सुरुवातीला 32 असतात. आजूबाजूचं रान धरून माझी पेटी 320 मीटर लांब, म्हणजे एक तुकडा दहा मीटरचा. आमच्या घराएवढा एक थेंब. तुकडे दुप्पट केले तर लांबी, रुंदी, उंची तिन्हींत दुप्पट होतात आणि काम आठपट वाढतं. चौपट केले तर चौसष्टपट. हे गणित मला शेवटपर्यंत मान्य झालं नाही, पण विजेच्या मीटरला लगेच कळलं.

या हिशेबाला सॉफ्टवेअरमध्ये 'बेक' म्हणतात.

"काय भाजून राहिले इतक्या रात्री?" बायकोने विचारलं.

"पाणी."

"पाणी उकळतात हो," ती म्हणाली आणि झोपली.

तिला मी सकाळी समजावलं की हा गमतीचा विषय नाही. या हिशेबाच्या मुळाशी नावीए आणि स्टोक्स या दोघांची समीकरणं आहेत. तिन्ही दिशांनी वाहणाऱ्या पाण्यासाठी त्यांना नेहमी सरळ, न फाटणारं उत्तर असतंच का, हे अजून कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. अमेरिकेतल्या क्ले संस्थेने 2000 साली त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलंय, ते तसंच पडून आहे. "दहा लाख डॉलर?" ती म्हणाली. "मग त्या शेठचं कायले करता? तेच करा ना." त्यावर मी नावीएची हकीकत सांगितली. पाण्याची समीकरणं मांडणारा हा फ्रेंच इंजिनिअर. त्याने पॅरिसला सेन नदीवर झुलता पूल बांधायला घेतला. 1826 साली पूल पुरा होत आला असताना शेजारी पाण्याची नळवाहिनी फुटली, पुलाचा दोर धरणारा पाया सरकला, आणि नगरपालिकेने पूल दुरुस्त करण्याऐवजी उतरवूनच टाकला. पाण्याला एवढं ओळखणाऱ्या माणसाचंही पाण्याने ऐकलं नाही. "म्हणजे तुमच्या धंद्यात हे पहिल्यापासूनच आहे," बायको म्हणाली आणि मोटर सुरू करायला गेली.

पहिलं पाणी ज्या सकाळी तयार झालं त्या सकाळी बाबा चहा घेऊन संगणकाजवळ बसले होते. बाबांचं सगळं आयुष्य बांधीत गेलं. परहे टाकणं, चिखलणी, रोवणी, बोडीचं पाणी काढणं. आता गुडघ्यांमुळे शेतावर जाणं बंद, म्हणून ते माझ्या मागे बसून माझं काम बघतात. मी बटण दाबलं. डोंगरातून पाणी आलं, बोडीत उतरलं, पाळीपर्यंत पोहोचलं, पाळीतून आरपार गेलं आणि पेटीच्या तळाशी जाऊन पसरलं.

"काहून रे, हे पानी चाललं कोठी?"

"गळतंय थोडं."

"थोडं? पाळ केवढी जाड ठेवली तू?"

"जाडी नाही ठेवली बाबा. नुसता पत्रा आहे. पातळ."

"मंग पानी काहून थांबन? पाळीचा पायथा रुंद पायजे, माथा अरुंद. आतल्या अंगानं दगड लावला पायजे."

मी त्यांना आदराने सांगितलं की हे सॉफ्टवेअर आहे, इथे दगडमातीचे नियम चालत नाहीत. मग दार लावून घेतलं आणि परदेशातल्या एका तज्ज्ञाचा तासाभराचा व्हिडिओ पाहिला. त्याने सुरुवातीला आपल्या मांजरीची ओळख करून दिली, मध्ये दोनदा एका गादीची जाहिरात केली, आणि शेवटी सांगितलं की पाणी अडवणारी भिंत पातळ असेल तर ते आरपार जातं, भिंतीला जाडी द्या. पायथा रुंद ठेवलात तर उत्तम. बाबांनी तेच चहाच्या एका घोटात सांगितलं होतं, गादीशिवाय.

यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्याकडे कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षं तलाव बांधले. नवेगावबांधचा एवढा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. भोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलाचा पुढे कोलासुर देव झाला. त्या माणसाकडे अंतराळयान नव्हतं. ग्राफिक कार्ड नव्हतं. जमिनीचा उतार डोळ्याने बघून त्याने पाणी अडवलं ते आजवर थांबलेलं आहे. माझी पाळ एका रात्रीत फुटत होती आणि मला कोणी देव सोडा, साधा 'सर' म्हणायला तयार नव्हतं.

पाळ जाड केली. पाणी थांबलं. पण ते पाणी भलतंच चंचल निघालं. या काठावरून त्या काठाला डुचमळायचं, उड्या मारायचं, शिंतोडे उडवायचं. शेठ बघायला आले तेव्हा म्हणाले, "हे तर टबमध्ये पोरगं बसवल्यावर होते तसं होऊन राहिलं." शेठ अडाणी असतील, पण नजर पक्की. संगणकाला ताण नको म्हणून मी अख्खं रान सव्वातीन मीटरचं करून ठेवलं होतं. सॉफ्टवेअरने प्रामाणिकपणे सव्वातीन मीटरच्या भांड्यात पाणी जसं हिंदकळेल तसं हिंदकळवलं. मोठं पाणी सावकाश हलतं, लहान पाणी घाई करतं. माणसांमध्येही असंच असावं, पण ते आपण सोडून देऊ.

तोपर्यंत मे महिना लागला होता. पारा पंचेचाळीसला. संगणक इतका तापायचा की त्यावर बाबांची कुडती वाळवता आली असती. त्याला थंड ठेवायला मी खोलीतला कूलर त्याच्याकडे वळवला. कूलरला पाणी लागतं. नळ एक दिवसाआड. तर दृश्य असं की पडद्यावर तुडुंब तलाव भरतोय, आणि तो भरावा म्हणून घरातला कर्ता पुरुष शेजारच्या बोअरवेलवरून बादल्या वाहतोय. वाटेत कोणी विचारलं, "काय हो, एवढं पाणी कशाला?" तर सांगायची सोय नाही. एकदा खरं सांगितलं. त्या गृहस्थांनी घरी जाऊन त्यांच्या बायकोला सांगितलं, तिने आमच्या हिला सांगितलं, आणि ती म्हणाली, "आता निदान बाहेर तरी सांगत नका जाऊ."

त्यात लाईन. पाणी शिजत येतं, थोडंच राहतं, आणि लाईन जाते. यूपीएस दहा मिनिटं दम धरतो आणि मग तोही माणूसच आहे. बेक मध्येच थांबलं तर तिथून पुढे चालू करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण त्यासाठी एका बारीक चौकोनात आधी खूण करावी लागते. ती खूण सुरुवातीला नसते. ती असायला हवी होती हे पाणी गेल्यावर कळतं. पाणी साठवायला जागाही इतकी लागते की एका रात्रीत डिस्क भरली आणि एका लग्नाचं मिक्सिंग अडकलं. नवऱ्याची बहीण रोज फोन करायची. "दादाचा व्हिडिओ झाला का?" पुढे पुढे ती म्हणायला लागली, "भाऊ, व्हिडिओ राहू द्या, आता बारशालाच या."

हे सगळं सोसून शेवटी एक दिवस पाणी चांगलं झालं. खरंच चांगलं. डोंगरातून ओघळत आलं, बोडीत उतरलं, हळूहळू चढलं. रंगही मी आमच्याकडच्या श्रावणातल्या पाण्याचा ठेवला, मातकट. काठाला शिंगाड्याची वेल, दोन कमळं आणि सारसांची एक जोडी. बाबा बघत होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना आवडलं होतं. मग म्हणाले, "सलंग कोठी आहे?"

सलंग म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जायची वाट. ती मी ठेवली नव्हती. झरा वाहतच होता. पाणी चढलं, आणखी चढलं, आणि काठावरच्या बारा कॉटेजमध्ये शिरलं. बाराही कॉटेज एकामागून एक पाण्याखाली गेल्या. शेवटी एक पाण्याची टाकी वर राहिली, तीही निळी, म्हणून उठून दिसत होती.

"सलंग केली तरी त्या बुडतीनच," बाबा म्हणाले. "नकाशात घरं कोठी काढली पाय. ते तं गाळपेराची जागा होय. पावसाळ्यात तिथं पानीच राह्यते. पानी उतरलं का आम्ही लाखोळी टाकत होतो."

मी सलंग केली. दुसरीकडून वाट दिली. झरा बारीक केला. बाबा म्हणाले तेच झालं. दरवेळी पाणी सरळ तिथेच जाऊन बसायचं. आकाशातून यानाने मोजलेली जमीन, दोनशे वर्षांपूर्वीची समीकरणं आणि बाबांचा गुडघा, तिघांचंही एकमत होतं की शेठच्या कॉटेज बोडीच्या पोटात आहेत.

शेठना दाखवलं. ते पाहून म्हणाले, "पाणी चुकलं आहे."

"पाणी नाही चुकलं शेठ. कॉटेजची जागा थोडी वर सरकवली तर..."

"कॉटेजचं बुकिंग सुरू झालं आहे. पाण्याचं बुकिंग आहे का?"

प्लॅन काढणारे इंजिनिअरसाहेब सोबत होते. त्यांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "आमच्या ड्रॉइंगमध्ये असं होत नाही. आमच्या ड्रॉइंगमध्ये पाणी वाहतच नाही." शेठनी माझ्याकडे असं पाहिलं की बघा, याला म्हणतात शिक्षण. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की हा सॉफ्टवेअरचा दोष आहे. फुकटचं आहे, त्यात असं व्हायचंच.

फोनवर भाचा म्हणाला, "मामा, ग्रॅव्हिटी बदला ना." आणि खरंच, तिथे गुरुत्वाकर्षणाचा आकडा असतो, 9.81, आणि तो कोणाच्याही परवानगीशिवाय बदलता येतो. मी देवरीचं गुरुत्वाकर्षण जरासं तिरकं केलं, गोंदियाच्या बाजूला. कॉटेज कोरड्या झाल्या. पाणी उलट दिशेने चढ चढून महामार्ग ओलांडायला निघालं आणि वाटेत शेठच्या ढाब्यात शिरलं.

"ढाब्यात पाणी?" शेठ ओरडले. "लायसन्सचा प्रश्न येईल."

बाबांना मी नंतर सांगितलं की पुण्याजवळ खडकवासल्याला 1916 साली स्थापन झालेलं एक सरकारी संशोधन केंद्र आहे. धरण असो, बंदर असो, नदी असो, तिथे शेडमध्ये किंवा उघड्यावर तिची लहान प्रतिकृती बांधतात आणि तिच्यातून खरं पाणी सोडून बघतात. बाबांना ते फार पटलं. "लाईन गेली तरी पानी चालू," म्हणाले. त्यांच्या मते शेठनीही तसंच करावं: एक पावसाळा थांबावं, छत्री घेऊन पाळीवर उभं राहावं आणि पाणी कुठवर येतं ते बघून खुंट्या ठोकाव्यात. मी हा निरोप शेठपर्यंत पोहोचवला. शेठ म्हणाले, "पावसाळ्यात सीझन नसतो."

शेवटी मी काय केलं ते या धंद्यातल्या लोकांना माहीत आहे. बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही. पेटी काढून टाकली. झरा काढला, सलंग काढली, पाळीवरची सगळी मेहनत काढली. त्या जागी एक सपाट चादर अंथरली आणि तिच्यावर समुद्र लावला. सॉफ्टवेअरमध्ये समुद्राचं वेगळं बटण असतं. तिथे पाणी वाहत नाही, साठत नाही, कुठे जात नाही. लहान-मोठ्या असंख्य लाटा एकमेकींत मिसळून वरचा पृष्ठभाग तेवढा हलवायचा. 1997 च्या 'टायटॅनिक'मध्ये संगणकाने केलेला समुद्र याच जातीचा होता. खाली तळ असो नसो, पाऊस पडो न पडो, हा समुद्र सांगाल त्या उंचीवर गुमान राहतो. बुडवा म्हटलं तर बुडवतो, नाही म्हटलं तर कॉटेजच्या पायरीला हातभर अंतर राखून अदबीने हलत राहतो. रात्रभर कूलर लावून जे जमलं नाही ते चहा निवायच्या आत झालं. धबधबाही असाच केला: डोंगरावरून पांढऱ्या धुराची एक पट्टी सोडली.

सगळ्यात जवळचा समुद्र देवरीहून शेकडो किलोमीटर लांब. आता एकरभराच्या बोडीत खोल समुद्रातल्या लाटा उसळत होत्या. बाबांनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हे पानी खारं आहे का?"

शेठ मात्र पाहताक्षणी खुर्चीतून उठले. "हे पाणी! याला म्हणतात पाणी. इतके दिवस काय करत होते तुम्ही?" मग दुरुस्त्या सांगितल्या. रंग मातकट नको, "चहा वाटतो", निळा करा. शिंगाडा काढा. सारस काढा. मी म्हटलं, शेठ, महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ आपल्या गोंदियात आणि शेजारच्या भंडाऱ्यातच उरलेत, लोक ते बघायला लांबून येतात. "सारस तर धानात फुकट फिरतात," शेठ म्हणाले. "हंस टाका. दोन. चोच चोचीला लावून." मी हंस टाकले. इंजिनिअरसाहेबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आता टेक्निकली बरोबर झालं."

उद्घाटन झालं. एलईडीच्या मोठ्या पडद्यावर फिल्म लागली. कॅमेरा वरून आला, लाटा उसळल्या, हंसांनी चोची जुळवल्या, धुराचा धबधबा कोसळला. टाळ्या पडल्या. एका पाहुण्याने भाषणात सांगितलं की आपला भाग मागासलेला म्हणतात, पण आज देवरीने जगाला दाखवून दिलं. काय दाखवून दिलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. मागच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणत होते, "एवढं पानी होतं इथं? आपण उगाच धानाले पानी नाही म्हणून रडत होतो."

तेव्हापासून मला शांतता नाही. त्या चित्राचा फलक हायवेला लागलाय आणि त्याच्या कोपऱ्यात, मोठ्या हौसेने, मी माझ्या स्टुडिओचं नाव आणि नंबर टाकला आहे. लोक फोन करतात. बोटिंग किती वाजता सुरू होतं? लहान मुलांना तिकीट आहे का? लाइफ जॅकेट मिळतात का? रायपूरच्या एका कुटुंबाने हंसांना काय खायला घालतात ते विचारलं. एक जोडपं प्री-वेडिंगसाठी कपडे घेऊनच आलं. त्यांना मी बोडी दाखवली. उन्हाने तळ भेगाळलेला, मधोमध पोरं क्रिकेट खेळत होती. मुलगी माझ्यावर रागावली नाही. ती म्हणाली, "भैया, इथेच काढा फोटो. पाणी नंतर टाका."

तर वाचकहो, या वाटेने आलात आणि तो फलक दिसला, तर गाडी जरूर थांबवा. शेठच्या ढाब्यावरची डाळ चांगली असते. पण पाणी बघायचं असेल तर कोहमाऱ्याहून आत वळा आणि नवेगावबांधला जा. तिथे तलाव आहे, पाळ आहे, पक्षी आहेत, आणि पाण्याचा रंग जो असेल तो आहे. बोटिंगच्या दरासाठी मात्र कृपा करून माझ्या नंबरवर फोन करू नये.